आधी तोंडी, मग कागदी

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास थोरलीने आपल्या भावजयीची एका नोकरीसाठी तोंड भरून शिफारस केली. ती नोकरी थोरलीला स्वतःला हवी होती.

फोन आला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून काकड्या चिरत होती. बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी अण्णांच्या घरी जेवायला जमायचं, हा नेम अण्णा गिरणीत पगार-कारकून होते तेव्हापासूनचा. या घरात महिनाअखेरीला कुणी आजारी पडत नसे की कुणाचं लग्न निघत नसे. अण्णांची दोन्ही मुलं महिन्याच्या मधल्या आठवड्यात जन्मली, आणि त्यांची आई गेली तीसुद्धा पगार वाटून झाल्यावर. "शेवटपर्यंत तारीख सांभाळली हो तिने," असं अण्णा अजून म्हणत, आणि ऐकणाऱ्याला हसावं की डोळे पुसावेत ते कळत नसे.

"नव्या पगार-केंद्रातून बोलतेय," फोनवरची बाई म्हणाली. आवाज मऊ होता, घाई नसलेला. "आमच्या एका उमेदवाराने चौकशीसाठी तुमचं नाव दिलंय. इस्पितळाच्या पगार विभागात आहेत त्या. सुरुवातीचं काम तुमच्याकडे शिकल्या म्हणे."

सुरी काकडीत अर्ध्यावर थांबली. इस्पितळाच्या पगार विभागातली आणि थोरलीच्या हाताखाली शिकलेली बाई जगात एकच होती. ती आत्ता बाहेर टेबलावर ताटं मांडत होती.

"ऐकताय ना?" बाईने विचारलं.

"ऐकतेय," थोरली म्हणाली आणि स्वयंपाकघराचं दार पायाने लोटून घेतलं.

पगार-केंद्राची इमारत पुलापलीकडे उभी राहिलेली सगळ्यांनी पाहिली होती. नदीच्या दोन्ही काठांवरच्या कारखान्यांचे, शाळांचे, दवाखान्यांचे पगार यापुढे तिथे होणार होते. आकडेमोड यंत्र करणार होतं. यंत्राचं चुकलं की ज्याचा पगार चुकला त्याच्याशी बोलायला मात्र माणूस लागणार होता, आणि त्यासाठी एक खुर्ची ठेवली होती. एकच. बस आगाराचे पगार सगळ्यात आधी तिकडे गेले. थोरली जिथे काम करायची तो रंगाचा कारखानाही जाणार, हे तिला दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी खोलीत बोलावून सांगितलं होतं, आणि जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही म्हणून सही घेतली होती. सही घेतली नसती तरी ती बोलली नसती. दुसऱ्यांच्या पगाराबद्दल तोंड बंद ठेवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आता ती सवय स्वतःच्या पगारालाही लागली होती. वय बावन्न. या वयाच्या पगार-कारकुनाला नदीच्या या काठावर कोण घेतंय आणि त्या काठावर कोण, हे तिने गुपचूप पाहून घेतलं होतं. कुणीच घेत नव्हतं. म्हणून तिने त्या एका खुर्चीसाठी अर्ज केला. घरात अण्णांनासुद्धा पत्ता लागू दिला नाही.

म्हणजे इस्पितळही जाणार होतं. आणि वहिनीनेही तोंडाला कुलूप लावलं होतं.

"कामाला कशा आहेत?" बाईने विचारलं.

थोरलीला एका वाक्यात काम बिघडवता आलं असतं. "बऱ्या आहेत" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तिने सुरी बाजूला ठेवली.

"बाई, तुम्हाला यंत्राची चूक लोकांना समजावून सांगणारं माणूस हवंय ना? मग हिला घ्या. इस्पितळात कुणाचा पगार कापला गेला की ही कागद निघायच्या आदल्या दिवशी त्या माणसाकडे जाते. आया असो, सर्जन असो. जिने उतरून जाते, शेजारी बसते, आणि सांगते, उद्या कमी येणार आहे, या या कारणाने. आमच्याकडे म्हणतात, आधी तोंडी, मग कागदी."

पलीकडे बाई हसली. "गंमतच आहे. हे वाक्य मी कालही ऐकलं."

"आमच्या धंद्यात म्हणतात कुणी कुणी," थोरली म्हणाली. खरं म्हणजे ते वाक्य अण्णांचं होतं. पण त्या क्षणी तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"काही उणं?"

"नाही म्हणता येत नाही तिला. ते तुम्ही शिकवा."

फोन ठेवल्यावर मग तिच्या लक्षात आलं. तिने स्वतःच्या अर्जात चौकशीसाठी कुणाचं नाव दिलं होतं? वहिनीचं. दुसरं कोण होतं द्यायला? आज जेवणं झाली की तिला बाजूला घेऊन सांगू, असं तिने ठरवलं होतं. आता ती मऊ आवाजाची बाई यादीतलं पुढचं नाव लावणार, आणि वहिनीला भर पंगतीत, तोंडात घास असताना कळणार, की नणंद तिच्याच जागेवर टपून बसलीय. कागदाने कळण्याहून हे वाईट.

गिरणीत अण्णांच्या खिडकीसमोर रांग लागत असे. पाकीट उघडायचं आणि सगळ्यांसमोर माणसाचा चेहरा उतरायचा, हे त्यांना सोसेना. म्हणून आदल्या दिवशी ते स्वतः खात्याखात्यातून फिरू लागले. फक्त कपातीसाठी. वाढ असली तर ते कधीच गेले नाहीत. "वाढीचं पाकीट ज्याचं त्याने उघडावं," ते म्हणत. "तो आनंद आपण कशाला खायचा?" थोरलीने हा धडा अण्णांकडून घेतला आणि लग्न होऊन आलेल्या वहिनीला दिला. आणि आज दोघींनीही तो घरातल्या घरात मोडला होता.

तिने काकड्यांचं ताट उचललं आणि बाहेर आली.

वहिनीचा फोन टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी पडला होता.

"ताई, किती वेळ काकड्या चिरतेस? पेरायला गेली होतीस का?" धाकटा म्हणाला. थोरलीचा हा भाऊ बस आगारात मिस्त्री होता. नखांतलं काळं शनिवारीही जात नसे.

"बसा वन्सं, बसा," वहिनी म्हणाली आणि थोरलीच्या ताटात भाजलेल्या बटाट्यांचा ढीग वाढला. "आज तुम्ही काहीसुद्धा करायचं नाही."

थोरली फोनकडे बघत बसली. फोन गप्प होता.

"आता माझं बोला," चिमणी म्हणाली. धाकट्याची ही मुलगी एकोणीस वर्षांची होती आणि तिला घाई होती. "बुधवारी पाच वाजता प्रवेश बंद होतात. पगार-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम, नाहीतर कृत्रिम दात बनवायचा. आज ठरवायचं म्हणाला होतात."

"दात बनव," धाकटा म्हणाला. "घरात गिऱ्हाईक आहे."

"माझ्या दातांना काही झालेलं नाही," अण्णा म्हणाले. "बटाटा कच्चा आहे."

"बाबा, थट्टा नको. मी सगळं बघून आलेय." चिमणीने ताट पुढे सारलं. "कारखान्यांच्या रस्त्याने एकेका कचेरीत विचारत गेले मी. पहारेकऱ्यांनी हाकललं तिथे चहावाल्याला विचारलं. जिथे पगाराच्या कामाला पाच-सहा माणसं होती तिथे आता एक आहे. बरोबर? पण ते एक माणूस कोण? डोक्यावर चांदी झालेलं. ते घरी बसलं की पुढे कोण? नवीन शिकलेलं कुणीही नाही. जागा कमी झाल्या, पण माणसं त्याहून कमी होणारेत. म्हणजे मला जागा आहे."

"अगं, बसमधून लोक उतरून चाललेत आणि तू म्हणतेस मला खिडकी मिळेल!"

"मिळतेय ना खिडकी? मग चढ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, बस आगारात चाललीय!"

"आगारात गेली म्हणून तुमचं पोट चालतंय ना बाबा?" चिमणी म्हणाली, आणि अण्णांनी टेबलावर हात आपटून दाद दिली.

धाकट्याने हार मानली नाही. "मला त्या पुलापलीकडच्या केंद्राचं विचार. गेल्या महिन्यात माझा रात्रपाळीचा भत्ता गायब. फोन लावला तर यंत्र म्हणतं, पगारासाठी एक दाबा, रजेसाठी दोन दाबा. मी म्हटलं, आता माझा गळा दाबा. पूर्वी आगारात तो टकलू कारकून होता. चुका तोही करायचा, पण निदान शिव्या घालायला समोर असायचा."

"तेच तर!" चिमणी म्हणाली. "आत्या, तू सांग ना यांना."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं. मागच्या महिन्यात, इस्पितळ तरी राहील या भरवशावर, याच टेबलावर ती चिमणीच्या बाजूने हिरिरीने भांडली होती. तेव्हा विरोधात होती ती वहिनी. एका घरात दोन पगारवाल्या पुरे झाल्या, तिसरी आली तर महिनाअखेरीला या घरात चूलही पेटणार नाही, असं ती म्हणाली होती.

मिठाच्या बरणीशेजारचा फोन वाजला.

थोरलीचा हात असा उडाला की पाण्याचा पेला अण्णांच्या ताटात आडवा झाला. वहिनीने फोन पाहिला. "आईचा आहे. नंतर करते." तिने फोन पुन्हा जागेवर ठेवला आणि फडकं आणायला उठली. "काय झालं वन्सं? एवढ्या दचकलात त्या?"

"काही नाही. उकडतंय."

"उकडत नाहीये," अण्णा म्हणाले. "बटाटे मात्र आता उकडल्यासारखे झालेत."

"आत्या, सांग ना."

"दात चांगले," थोरली म्हणाली.

चिमणीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, दातांचं काम चांगलं आहे. हातात कसब येतं. ते कुठेही घेऊन जाता येतं."

अण्णांनी घास खाली ठेवला. थोरलीने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. गिरणी बंद पडली त्या दिवशीही ते इतके गप्प झाले नव्हते, असं तिला वाटलं. चिमणीचा चेहरा पडला होता, पण तिने मान ताठ ठेवली.

"मला वाटतं, तिने पगाराचंच शिकावं," वहिनी म्हणाली. ती अण्णांच्या ताटाभोवतीचं पाणी पुसत होती.

"काय?" धाकट्याने घड्याळाकडे, मग खिडकीकडे, मग बायकोकडे पाहिलं. "आज सूर्य उगवलाय ना नक्की? महिनाभर माझं डोकं खाल्लंस, पोरीला त्या कोंडवाड्यात घालू नका म्हणून!"

"मग आता बदललं माझं मत. माणसाचं मत बदलू नये का? तुमची इंजिनं बदलतात ना?"

"ताई विरोधात, ही बाजूने. अण्णा, हे घर आहे की विधिमंडळ?"

"जेवा," अण्णा म्हणाले. आवाज खोल गेला होता.

वहिनीने थोरलीच्या ताटात तिसऱ्यांदा बटाटे वाढले. थोरलीने ताटावर आडवा हात धरला, तर तिने हातावरच वाढले.

जेवणं झाली. धाकटा अण्णांना खुर्ची ओढून खिडकीपाशी घेऊन गेला. थोरलीने भांडी गोळा केली, वहिनीचा फोन उचलला आणि तोही भांड्यांबरोबर आत आणला. वहिनी नळाखाली हात घालून उभी होती.

"वहिनी, एक सांगायचंय. तुला एक फोन येणार आहे."

"आला," वहिनी म्हणाली.

"आईचा नव्हे गं."

"मऊ आवाजाच्या बाईंचा ना? काल आला. इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून बोलले मी. शेवटी पाय दुखायला लागले तेव्हा पायरीवर बसले." तिने पातेलं घासायला घेतलं. मागे वळली नाही. "आणि तुम्हाला आज आला. दार लोटलंत तेव्हाच कळलं मला. तुमच्या आयुष्यात तुम्ही कधी दार लोटून काकडी चिरली नाहीत."

थोरलीला एकदम ते आठवलं. *हे वाक्य मी कालही ऐकलं.* काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी तिची गत झाली होती. जे वाक्य तिने बाईंना ऐकवलं, तेच वहिनीने आदल्या दिवशी तिच्याबद्दल ऐकवलं होतं.

"म्हणून बटाटे?" तिने विचारलं.

"म्हणून बटाटे. दुसरं काय करणार होते? काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ज्या बाईने मला काम शिकवलं तिच्याच ताटातला घास मी ओढतेय, आणि तिला माहीतसुद्धा नाही."

"मग रात्री फोन का नाही केलास?"

"तुम्ही इतके दिवस का नाही केलात?"

थोरलीने हातातला फोन ओट्यावर ठेवला. नळ चालू राहिला.

"मी नाव काढून घेते," थोरली म्हणाली.

"खबरदार! मी काढणार आहे. सोमवारी सकाळी पहिलं तेच करणार आहे."

"वेडी आहेस का? आगारात धाकट्याच्या पाळ्या कमी झाल्यात. पोरीचं शिक्षण आहे."

"आणि तुम्हाला या वयात कोण घेणार आहे?"

"वय काढलंस ना शेवटी?"

"काढलं! तुम्ही पोर काढलीत, मी वय काढलं. फिटंफाट." वहिनीचे डोळे भरले होते आणि हात साबणाने माखले होते, त्यामुळे तिने कोपराने डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि साबण भुवईला लागला. थोरलीने पदराने तो पुसला. मग दोघींनाही हसू आलं, आणि ते आवरेना.

"हसा," दारातून आवाज आला. चिमणी रिकामा पेला घेऊन उभी होती. ती हसत नव्हती. "दोघींच्याही जागा गेल्यात. हो ना?"

वहिनीने नळ बंद केला.

"लोकांचा पगार थोडासा कापला तरी तुम्ही जिने उतरून सांगायला जाता," चिमणी म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकत आलेय. आधी तोंडी, आधी तोंडी. आणि मी मात्र बुधवारी वर्षाची फी भरून मोकळी झाले असते. मला कोण सांगणार होतं? कागद?"

थोरलीला पेल्यात पाणी भरून द्यावंसं वाटलं, एवढंच सुचलं. तिने पेला भरला.

"चल बाहेर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोरच सांगते. एकदाच."

खिडकीपाशी तिने उभ्या उभ्या सांगितलं. रंगाचा कारखाना जाणार. इस्पितळही जाणार. पुलापलीकडे खुर्ची एक आणि अर्ज दोघींचेही. पगाराचे बदल ती ज्या आवाजात सांगत असे त्याच आवाजात सांगितलं. काय होणार, कधीपासून, कशामुळे. वहिनी तिच्या मागे हात पुसत उभी होती.

धाकटा बायकोकडे वळला. "तू मलाही नाही सांगितलंस," तो म्हणाला. "एका उशीवर झोपतो आपण."

"सही होती."

"उशीवर?"

अण्णा मात्र हुशारले होते. मघाचा खोल गेलेला आवाज परत आला. "म्हणून दात चांगले होय! मला वाटलं तुला आपल्या कामाची लाज वाटायला लागली."

"नाही हो अण्णा."

"मग झालं तर. ऐका, माघार कुणीही घ्यायची नाही. खुर्ची एक आहे ना? दोघींनी मिळून मागा. सकाळपाळी एकीची, दुपारपाळी दुसरीची. गिरणीत एका मागावर तीन माणसं उभी राहत होती, कुणाचं काही अडलं नाही."

"एका खुर्चीत दोघी?" वहिनी म्हणाली. "अण्णा, वन्संच्या कमरेकडे बघून बोला."

"तूच भरवलेत बटाटे," थोरली म्हणाली.

चिमणी खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. "पण मी काय करू ते अजून कुणी सांगितलेलं नाही."

थोरली तिच्याशेजारी जाऊन बसली. "मला माहीत नाही गं. तू रस्त्याने फिरून पाहिलंस ते बरोबर आहे. माणसं कमी होणारेत. पण जागा किती वेगाने जाणारेत ते तुला कुणी सांगितलं नाही, कारण ज्यांना माहीत होतं त्या तुझ्या घरात तोंड मिटून बसल्या होत्या. आकडे जुळवायचं काम संपलं, असं धरून चाल. राहील ते जिने उतरून जायचं काम. ते राहील की तेही एक दाबा, दोन दाबा होईल, हे मला खरंच सांगता येत नाही."

"तुला काय वाटतं?"

थोरलीने भावाकडे बोट दाखवलं. "त्याचा भत्ता मिळाला का ते विचार."

"नाही मिळाला," धाकटा म्हणाला. "आणि तिसरं बटण दाबलं तर गाणं लागतं."

"काल तुझ्या आत्याबद्दल बोलता बोलता," वहिनी चिमणीला म्हणाली, "मला पहिल्यांदा कळलं की मी काय काम करते. इतकी वर्षं मला वाटायचं मी बेरजा करते. म्हणून मत बदललं. मला पुढचं दिसतं म्हणून नव्हे."

चिमणी पेल्यातलं पाणी प्यायली. "बुधवारपर्यंत थांबते," ती म्हणाली. "तुमचं काय होतंय ते बघते. पण जे कळेल ते मला लगेच सांगायचं. तोंडी."

मंगळवारी दोघींना मुलाखतीला बोलावणं होतं; धाकट्याने आगारातली दुरुस्तीची गाडी मागून घेतली आणि बायकोला आणि बहिणीला पुलापलीकडे सोडलं. मागे वंगणाचे डबे होते, म्हणून तिघंही पुढे दाटीवाटीने बसली. मुलाखतीला आणखी उमेदवार आले होते, सगळे थोरलीच्या वयाच्या आसपासचे. त्यातला एक, पूर्वी आगारात असलेला टकलू कारकून, धाकट्याला पाहून उठून उभा राहिला. धाकट्याने त्याला कडकडून मिठी मारली आणि मग भत्त्याची तक्रार सांगायला सुरुवात केली.

मऊ आवाजाच्या बाई प्रत्यक्षात उंच होत्या आणि त्यांच्या टेबलावर काहीही नव्हतं, पाण्याचा तांब्यासुद्धा. अण्णांची कल्पना थोरलीने त्यांना सांगितली. खुर्ची एक, पाळ्या दोन. बाईंनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. बुधवारी कळवू म्हणाल्या.

परतताना पुलावर वहिनीने विचारलं, "काय काय बोललात आत?"

"ते सांगायचं नसतं," थोरली म्हणाली.

"मीही नाही सांगणार." धाकटा म्हणाला, या गाडीत वंगण जास्त आणि विश्वास कमी आहे.

बुधवारी थोरली कारखान्यात आपल्या टेबलाशी होती. शेजारची दोन्ही टेबलं कधीच उचलून नेली होती, फरशीवर त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या होत्या. चारनंतर वहिनीचा निरोप आला. *माझा अजून वाजला नाही. तुमचा?* त्यापाठोपाठ चिमणीचा. *मी अण्णांकडे आहे. दोन्ही अर्ज भरून ठेवलेत. पाचाच्या आत एकच पाठवायचा. अण्णा दर मिनिटाला घड्याळ बघतात.*

थोरली वहिनीला "नाही" लिहीत होती तेव्हा फोन तिच्या हातातच वाजला.

"पगार-केंद्रातून बोलतेय," मऊ आवाज म्हणाला. "पत्र उद्या निघेल. पण तुम्ही दोघींनी मला जे शिकवलंत, त्यानंतर नुसतं पत्र पाठवायला मन होईना. म्हटलं, आधी तोंडी सांगावं."

आधी तोंडी सांगायचं ते कपातीचं. वाढीचं पाकीट ज्याचं त्याने उघडायचं. ही दुसरी अर्धी गोष्ट तिने बाईंना सांगितली नव्हती. वहिनीने सांगितली असेल तर हा फोन नकाराचा; पण सांगितली होती की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं.

"बोलायला वेळ आहे का दोन मिनिटं?" बाईंनी विचारलं.

"आहे," थोरली म्हणाली आणि खुर्ची ओढून ताठ बसली. पाचाला अजून अवकाश होता.